अँटेनाची जागा

जुलैचा शेवटचा आठवडा. हर्णैच्या होड्या पावसाळ्यात आंजर्ल्याच्या खाडीत येऊन विसावतात, तशा यंदाही ओळीने उभ्या होत्या. कुणाच्या बुडाला रंग लागत होता, कुणाचं इंजिन खोलून ठेवलं होतं. नारळी पौर्णिमा तोंडावर आली की खाडीवर सुतार, रंगारी आणि इंजिनवाल्याबरोबर आणखी एक माणूस लागतो. तो म्हणजे पिशवीत मल्टिमीटर, तारांची वेटोळी आणि डब्यात फ्यूज घेऊन फिरणारा वायरमन. त्याच्याबरोबर मी एका सहा सिलिंडरच्या होडीवर चढलो. जुना जीपीएस गेल्या मोसमात बंद पडला होता. नवा खोक्यात होता.

मालकाला वाटत होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. अख्खा दिवस गेला, आणि तो गेला ते बरंच झालं.

पहिला वाद अँटेनावरून. मालकाचं म्हणणं, डोलकाठीच्या टोकाला लाव. उंच असला की जास्त धरतो. टीव्हीच्या अँटेनामुळे हे आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलेलं आहे. पण जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या हिशेबात डोलकाठीची सहा मीटर उंची म्हणजे काहीच नाही. अँटेनाला उंची नको, चारी बाजूंनी मोकळं आकाश हवं. उलट टोकावर लावला तर नुकसानच. वायरमनने हाताचं कोपर टेकवून पंजा डावीकडे-उजवीकडे हलवून दाखवला. होडी लाटेवर डुलते तेव्हा काठीचा बुंधा जागेवर राहतो आणि टोक दोन-दोन मीटर झोके घेतं. सेटला वाटतं, होडीच तेवढी पळते आहे. मग वेग आणि दिशेचे आकडे नाचायला लागतात.

शेवटी केबिनच्या टपावर, मागच्या कोपऱ्यातली जागा ठरली. वायरलेसच्या अँटेनापासून मीटरभर लांब, दिव्यांच्या खांबाच्या आड येणार नाही अशी. केबिनच्या आत लावला तर खारं पाणी लागणार नाही, असाही एक विचार मालकाने मांडला. फायबरचा टप असता तर तेही चाललं असतं, कारण फायबरमधून या लहरी पार होतात. या टपाला पत्रा ठोकलेला होता आणि पत्र्यातून काही येत नाही. मुळात उपग्रहावरून निघालेली लहर पूर्वीच्या घरगुती बल्बच्या ताकदीची, आणि खाली पोचेपर्यंत तिच्यात जवळजवळ काहीच उरत नाही. ती टिपता येते हेच मला अजून नवल वाटतं.

यंत्र करतं ते एवढंच : लहर कधी निघाली आणि कधी पोचली, त्यातला वेळ मोजतं आणि वेळेवरून अंतर काढतं. वरून खाली यायला लहरीला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात तीस सेंटिमीटर जातो, म्हणून घड्याळ तितकं बारीक हवं. उपग्रहात अणुघड्याळं असतात. आपल्या सेटमध्ये साधं क्वार्ट्झचं. म्हणून जागा कळायला तीन उपग्रह पुरले असते तरी चौथा लागतो, तो आपल्या घड्याळाची चूक काढायला. आणि उपग्रहातली घड्याळं वेगामुळे नि उंचीमुळे जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून येतं. तेवढं दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक साठेल. हर्णैचा तांडेल रोज आइन्स्टाइनच्या भरवशावर बंदरात परततो, आणि यात मला काडीचीही अतिशयोक्ती वाटत नाही.

जुना सेट का गेला, ते दुपारी कळलं. सेटमध्ये काही बिघाडच नव्हता. आधी कुणीतरी त्याची तार केबिनच्या दिव्याच्या तारेला पीळ मारून जोडली होती आणि वर टेप गुंडाळला होता. टेप सोडला तर आत तांब्याची हिरवी पूड. समुद्रावर उघडं तांबं असंच संपतं. म्हणून इथे कल्हई केलेली तार वापरायची, सांध्यावर तापवल्यावर आकसणारी नळी चढवायची आणि सेटची तार थेट बॅटरीवरून, जवळच फ्यूज देऊन स्वतंत्र आणायची. दिव्याच्या तारेवर घेतला की स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं आणि सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तेही नेमकं बंदरातून बाहेर पडताना. आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ आहे, तिथे रुतलेल्या होड्या या किनाऱ्याने पाहिल्या आहेत. त्या घडीला स्क्रीन काळा पडणं काय असतं, ते तांडेलालाच विचारावं.

होकायंत्राजवळ सेट बसवताना वायरमनने सुई बघायला मला बसवलं. त्याने सेट चालू केला, बंद केला, परत चालू केला. सुई जरा हलली. सेट दीड वीत सरकवला, दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन घेतल्या, म्हणजे एकीचं चुंबकत्व दुसरी मारते. सुई स्थिर. हे कामात मोडत नाही म्हणून बरेच जण टाळतात, आणि इथेच मला चांगला कारागीर ओळखू येतो. कारण जीपीएस आला तरी होका लागतोच. उभ्या होडीवर सेट लावला तेव्हा पडद्यावरचा बाण गरागरा फिरायला लागला आणि मालक घाबरला. बिघाड नव्हता. या सेटला आपण कुठून कुठे सरकलो एवढंच कळतं. नाळेचं तोंड कुठे आहे ते कळत नाही.

संध्याकाळी मालकाचे काका आले. ते जुने तांडेल. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. खडप कुठे आहे, जाळं कुठे फाटतं, सुरमई कुठल्या महिन्यात कुठे लागते, सगळं आकड्यांत. होडी विकली तरी अशी वही कुणी विकत नाही. अमेरिकेचा पहिला जीपीएस उपग्रह १९७८ साली वर गेला, व्यवस्था पुरती उभी राहिली १९९५ साली. आणि काकांच्या वहीची पहिली पानं त्यानंतर लगेचची.

वही सेटमध्ये भरायला बसलो आणि गुंता दिसला. जुन्या पानांवर ‘१७ ५२ ३०’ असं लिहिलेलं. हे अंश, मिनिटं आणि सेकंद. नव्या सेटला मिनिटांचे दशांश हवेत. तेच आकडे तसेच दाबले तर तो ५२.३० मिनिटं समजतो, आणि जागा ३७० मीटर सरकते. खडपासाठी ३७० मीटर म्हणजे जाळं गेलं. वायरमनने सेटिंग बदलून आधी जुनी पानं भरली, मग पुन्हा बदलून नवी.

त्यातही २ मे २००० आधीच्या नोंदी वेगळ्या धरायला हव्यात. तोवर अमेरिका सामान्यांसाठीच्या लहरीत मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. त्या दिवसापासून ते थांबलं. परक्याच्या मर्जीवर किती अवलंबून राहायचं, म्हणून भारताने आपली व्यवस्था उभारली. त्या व्यवस्थेचा, म्हणजे नाविकचा, पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर एक लाख मच्छीमार नौकांवर बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुरू झाली. त्यांतून वादळाचा इशारा होडीवर येतो आणि संकटाचा निरोप किनाऱ्यावर जातो. ते बसवतानाही टपावरच्या जागेचा प्रश्न हाच.

काका आकडे वाचत होते, वायरमन दाबत होता. एका नोंदीवर तो थांबला. “काका, ही जागा दापोलीत पडते.”

रेखांश ७३ अंश ११ मिनिटं लिहिला होता. किनारा त्याच्या बराच पश्चिमेला. काहीतरी चुकलं होतं : एक तर ७२ च्या जागी ७३ झालं, नाहीतर ०१ च्या जागी ११. पहिलं खरं असेल तर जागा पन्नास मैलांच्या बाहेर. दुसरं असेल तर सहाएक मैलांवर.

काकांनी डोळे मिटले. “किल्ल्याचा दक्षिणेकडचा बुरूज मागच्या डोंगराच्या खांद्याखाली आला, की खाली खडप. दोनदा फाटलंय जाळं तिथे.”

“मग सहा मैल. पन्नास मैलांवरून बुरूज कुठला दिसायला!”

सुवर्णदुर्गाचा बुरूज आणि डोंगर ही खूण काकांना त्यांच्या वडिलांनी दाखवलेली. वहीत ती कुठेच नाही, कारण लिहायची गरजच कुणाला वाटली नव्हती. वायरमनने ७३ अंश ०१ मिनिट भरलं आणि मालकाने वहीच्या समासात पेन्सिलीने बुरजाची नि डोंगराची गोष्ट लिहिली. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठल्यावर पहिल्या फेरीत होडी तिथे थांबवून, फिश फाइंडरवर तळ बघून खात्री करायची आहे. तोवर सेटमध्ये त्या जागेच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे.