एका घरातले पाण्याचे दोन हिशेब

मिरज हे सतारींचे आणि दवाखान्यांचे गाव. कर्नाटकातून, पंढरपूर भागातून माणसे इथे उपचारांसाठी येतात, चटई अंथरून दिवस काढतात. मिरजेच्याच माणसाला मात्र दवाखान्यासाठी गाडी पकडावी लागत नाही. ही सोय कधी कधी जडही जाते. घर, कारखाना आणि डायलिसिसचा कक्ष असे तिन्ही सायकलच्या टप्प्यात असले की कुठेही गैरहजर राहायला निमित्तच उरत नाही.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे एक टर्नर दोन वर्षे या त्रिकोणात फिरत होते. वय बेचाळीस. नाव छापू नये एवढीच त्यांची अट. ते हौशी सायकल शर्यती खेळतात. हौशी म्हणजे प्रवेश फी आपली, टायर आपले, रजा आपली. आणि जिंकलेच तर हाती येणारी रक्कम नव्या चेनसाठी पुरली तरी पुष्कळ. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, ही गोष्ट त्यांनी लहानपणी वडिलांकडून ऐकली होती. तेव्हापासून चढ दिसला की पाय शिवशिवतात. पहिली पाळी सातची, म्हणून सराव पहाटे साडेचारला. रविवारी दंडोबाचा डोंगर.

मग अम्मींची मूत्रपिंडे थकली. मधुमेह जुना होता. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, दर वेळी चार तास. खर्च बराचसा सरकारी योजनेतून भागला, पण वेळ कोणत्याच योजनेत बसत नाही. सोमवारी आणि शुक्रवारी हे, बुधवारी त्यांची मोठी बहीण, अशी वाटणी झाली.

आजार घरात आला की आधी स्वयंपाकघर बदलते. डायलिसिसच्या रुग्णाला लघवी फारशी होत नाही. प्यायलेले पाणी अंगात साठते, पाय सुजतात, रात्री दम लागतो. म्हणून अम्मींना दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी, आणि त्यातच चहा, दूध, डाळीचे पाणी सगळे धरायचे. सकाळी स्टीलच्या तांब्यात मोजून ठेवायचे. आणि त्याच ओट्यावर मुलाची सायकलची बाटली. तीही पाऊण लिटरचीच. उन्हाळ्यात दोन तासांच्या सरावात तो अशा दोन बाटल्या संपवायचा.

खाण्याचेही तसेच. केळे, शहाळे, खजूर हा सायकलस्वाराचा नेहमीचा खुराक. त्यात पोटॅशियम भरपूर. निकामी मूत्रपिंडांना तेच बाहेर टाकता येत नाही. रक्तात ते वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतात. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून मग फोडणीला टाकायच्या, हे सुनेला डॉक्टरांनी शिकवले. एकाला जे ताकद देते ते दुसऱ्याला जिवावर बेतणारे, आणि दोघे एकाच ताटाभोवती. हे गृहस्थ मग बाटली जिन्याखाली ठेवू लागले. सराव करून आले की आधी बाहेरच पाणी प्यायचे, मग घरात पाऊल. अम्मींच्या हे लक्षात आले होते. ‘मेरे सामने पी,’ त्या म्हणाल्या, ‘मुझे अच्छा लगता है.’

रमजानमध्ये हा हिशेब आणखी अवघड होई. आजारी माणसाला रोजाची सक्ती नाही. आजार बरा होण्यातला नसेल तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूला जेवण द्यायचे; त्याला फिदया म्हणतात. अम्मींचा फिदया घरातून नियमाने जाई. तरी सहेरीला सगळ्यांत आधी त्याच उठत. स्वतःला रोजा नाही, पण इतरांच्या पोळ्यांवर लक्ष. इफ्तारला खजुराने रोजा सोडण्याचा रिवाज. ताट समोर आले की त्यांच्या वाट्याला अर्धा खजूर, तोही डॉक्टरांना विचारून. तो अर्धा खजूर त्या अजान संपेपर्यंत चघळत.

बहिणीला सायकल खटकत होती. ‘आई मशीनवर आणि तू डोंगरावर?’ हा प्रश्न तिने दोनदा विचारला, दुसऱ्यांदा पाहुण्यांसमोर. प्रश्न चुकीचा नव्हता. पण आपल्याकडे रुग्णाची सेवा करणाऱ्याने स्वतः सुकून जावे अशी एक न बोललेली अपेक्षा असते. तो चहाच्या टपरीवर तासभर बसला तर कुणी विचारत नाही. तोच तास घामात घातला तर चैन ठरते. यांनी वाद घातला नाही. जुन्या बाजारातून होम ट्रेनर आणला, मागचे चाक त्यात अडकवले आणि अम्मींच्या खोलीबाहेर पाय मारू लागले. त्याची घरघर ऐकत अम्मी झोपत. आवाज थांबला की जाग्या होत.

त्या वर्षी नाव नोंदवलेल्या चार शर्यतींपैकी ते एकीतच उतरले. एकीच्या आदल्या रात्री अम्मींना दम लागला. सायकल गाडीच्या टपावर बांधलेली होती, ती तशीच उतरवून ठेवली.

आपण रस्त्यावर असताना फोन येईल, ही धास्ती त्यांना दोन वर्षे होती. म्हणून सरावात ते दर अर्ध्या तासाला थांबून फोन पाहत. प्रत्यक्षात गेल्या पावसाळ्यात अम्मी गेल्या तेव्हा ते दवाखान्यातच होते, खाली बहिणीसाठी चहा आणायला उतरलेले. पाच मिनिटांचे अंतर. बहिणीने नंतर त्यांना सांगितले की तू डोंगरावर असतास तर मी तुला आयुष्यभर बोलले असते. आता कुणाला बोलू?

दफन त्याच दिवशी असरनंतर झाले. मय्यतीच्या घरी पहिले तीन दिवस शेजारीपाजारी आणि नातेवाईक जेवण पाठवतात. गल्लीतल्या मराठा कुटुंबाकडून पिठलं-भाकरी आली. त्यांच्याकडेही दुखवट्याच्या घरी असेच करतात, त्यामुळे कुणी कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. शरीयतनुसार शोक तीन दिवसांचा. पती गेलेल्या स्त्रीला तेवढी चार महिने दहा दिवसांची इद्दत. चौथ्या दिवशी हे कामावर गेले. सायकलला मात्र दोन महिने हात लावला नाही.

खेळाडूच्या दुःखाची गोष्ट आपल्याला ठरावीक शेवटाची आवडते. 1999 च्या विश्वचषकात वडील गेल्यावर सचिन तेंडुलकर घरी येऊन परतला आणि केनियाविरुद्ध शतक ठोकले. 2020 मध्ये मोहम्मद सिराज ऑस्ट्रेलियात असताना त्याचे रिक्षाचालक वडील वारले. तो तिथेच राहिला, ब्रिस्बेनला डावात पाच बळी घेतले आणि हैदराबादला उतरल्यावर आधी कब्रस्तानात गेला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि मोठ्या आहेत. पण त्यांच्यामागे संघ होता, देश वाट पाहत होता. लेथवरच्या माणसाने शर्यत सोडली काय, खेळली काय, कुणाला पत्ता लागतो?

सायकलीच्या जगातला ग्रॅमी ओब्री इथे अधिक जवळचा वाटतो. या स्कॉटिश सायकलपटूने 1993 मध्ये स्वतः बनवलेल्या सायकलवर, जिच्यात धुलाई यंत्राचे बेअरिंग वापरले होते, तासाभरात 51.596 किलोमीटर कापून जागतिक विक्रम केला. 1994 मध्ये त्याचा भाऊ मोटार अपघातात गेला. पुढच्याच वर्षी ओब्री पुन्हा जगज्जेता झाला. गोष्ट इथे थांबवली तर छान दिसते. पण नैराश्याने त्याला पुढेही फार छळले, आणि त्याबद्दल तो उघडपणे बोलला. पदक मिळाले म्हणून दुःख उतरले असे होत नाही.

शरीराचा हिशेब त्याहून सरळ. सराव सुटला की काही दिवसांतच रक्तातला द्रव कमी होऊ लागतो, तीन-चार आठवड्यांत दम उतरतो. दोन महिन्यांनी बहिणीच्या मुलाने चाकांत हवा भरली, तेव्हा दंडोबाचा चढ यांना मध्येच उतरून हातात सायकल धरून संपवावा लागला. वरती बसून ते खूप वेळ रडले, असे त्यांनी स्वतःच सांगितले. घरात जमले नव्हते.

हा अम्मींशिवायचा पहिला रमजान. सहेरीला आता बहीण फोन करून उठवते. सराव इफ्तारच्या आधी तासभर, हलक्या गतीने, म्हणजे उतरल्याबरोबर पाणी मिळते. जोराचे पाय तरावीहनंतर ट्रेनरवर. बाटली पुन्हा ओट्यावर असते. स्टीलचा तांब्याही तिथेच आहे, तो कुणी हलवलेला नाही.

ईदनंतरच्या दुसऱ्या रविवारी साठ किलोमीटरची शर्यत आहे, एक घाट. अर्जात तातडीच्या संपर्कासाठी त्यांनी बहिणीचा नंबर लिहिला. तिने विचारले, ‘किती वाजता संपते?’ पहिल्या दहांत येण्याची आशा नाही, साडेदहापर्यंत येईन, असे त्यांनी सांगितले.