आधी ७० वर्षं विकलं, मग कारखाना घेतला!

आजची केस स्टडी रमची आहे. प्या असं सांगत नाहीये, धंदा कसा उभा राहिला ते बघा.

कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर आर. एल. सील यांनी १९२६ मध्ये व्यापारी पेढी काढली. स्वतःची डिस्टिलरी नव्हती. दुसऱ्यांकडून रम घ्यायची, मिश्रण जमवायचं, विकायचं. पुढे कुटुंबातल्या डेव्हिड सील यांनी फोरस्क्वेअर नावाचा जुना, बंद पडलेला साखर कारखाना घेतला. १९९६ मध्ये तिथे डिस्टिलरी सुरू झाली. म्हणजे गिऱ्हाईक आधी, मशीन ७० वर्षांनी! आपण उलटं करतो. आधी लोन काढून मशीन आणतो, मग गिऱ्हाईक शोधत फिरतो.

माल कसा बनतो?
कच्चा माल मळी. आपल्या साखर कारखान्यांत निघते तीच. ती आंबवून दोन प्रकारे गाळतात. पॉट स्टिलमध्ये एकेक घाणा निघतो, चव दाट. कॉलम स्टिल सतत चालतं, माल हलका. दोन्हींचं मिश्रण ही इथली खासियत. मग लाकडी पिंपांत मुरवणं. अमेरिकेत बर्बनसाठी नवीनच पिंप लागतं, त्यामुळे वापरलेली पिंपं बाजारात येतात. ती इथे कामाला येतात.

खरी परीक्षा
गरम हवेत पिंपातला माल उडतो. वर्षाला ६ टक्के धरला, तरी १२ वर्षांत निम्म्याहून जास्त गेला. भांडवल अडकलंय आणि वर माल कमी होतोय! अशा वेळी सोपा रस्ता म्हणजे कोवळ्या रममध्ये साखर घालून ती गोड करायची. जगात अनेक ब्रँड तेच करतात. आज धुरा सांभाळणारे रिचर्ड सील याविरुद्ध उघडपणे बोलतात आणि स्वतःच्या रममध्ये साखर घालत नाहीत. बाटलीवर वय लिहिलं, तर आतली सगळ्यात कोवळी रमसुद्धा तेवढी मुरलेली असते.

हे परवडतं कसं? सगळा माल १२ वर्षं अडकवत नाहीत. कमी मुरलेली रम रोजचा गल्ला चालवते, जुनी रम नाव कमावते.

तुमच्यासाठी गृहपाठ
वहीत लिहा:
१. मशीन न घेता मी आज काय विकू शकतो?
२. रोजचा गल्ला कोणत्या मालावर आणि नाव कोणत्या मालावर?
३. लेबलवरचा प्रत्येक शब्द गिऱ्हाईकासमोर सिद्ध करता येईल का?

तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर आधी लेबल बदला. जाहिरात नंतर.