निवाड्याच्या खुर्चीत कोण बसतं?

राजुरा तालुक्यातल्या सास्ती कोळसा खाणीत कामगाराच्या बडतर्फीचा वाद समेटाने मिटला नाही, तर तो नागपूरच्या केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणापर्यंत जातो. कोळसा खाणी केंद्राच्या अखत्यारीत येतात. अशा न्यायाधिकरणात निवाडा कोणी करायचा, याची पद्धत सगळीकडे सारखी नाही. ब्रिटनच्या रोजगार न्यायाधिकरणांत काही दाव्यांत न्यायाधीशाशेजारी मालकांची आणि कामगारांची बाजू जवळून पाहिलेले दोन बिगर-वकील सदस्य बसतात. मत तिघांचंही सारख्याच वजनाचं.

आपल्याकडे १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात न्यायाधिकरण एकाच व्यक्तीचं होतं. सरकारला दोन ‘असेसर’ नेमता येत, पण केवळ सल्ल्यापुरते. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने सदस्य दोन केले, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय. बडतर्फी, कामगार कपात, उद्योग बंद करणं ही प्रकरणं दोघांपुढे चालायची आहेत. खाणीतली रात्रपाळी स्वतः केलेल्या माणसासाठी मात्र राखीव जागा नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

फेरनियुक्तीचा प्रश्नही तितकाच नाजूक. न्यायाधिकरणांच्या सदस्यांना ५ वर्षांची मुदत आणि फेरनियुक्तीची पात्रता असावी, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२०मध्ये बजावलं. मुदत तोकडी असेल आणि पुढची नेमणूक सरकारच्या मर्जीवर असेल, तर सरकारविरुद्ध निकाल देणं अवघड होतं. सास्तीची खाण चालवणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि) ही सरकारी कंपनीच आहे.