‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे आपलं शिवारही असू शकतं



“मराठवाड्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, वारे ताशी ४० ते ५० किलोमीटर.” अशा धर्तीचा अंदाज आपण नेहमी ऐकतो. तुरळक म्हटलं की वाटतं, आपल्याकडं काही व्हायचं नाही. मग विळा घेऊन आपण सोयाबीन काढायला निघतो.

हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक’ म्हणजे थोडा पाऊस नव्हे, थोड्या ठिकाणी पाऊस. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर तो पडेल, एवढाच अर्थ. पण ती ठिकाणं कोणती, नांदूरघाट, केज की नेकनूर, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. वादळी ढग काही किलोमीटरचाच असतो आणि तास-दोन तासांत तयार होऊन विरतो.

दुपारपर्यंत जमीन तापते, ओलसर गरम हवा वर चढते आणि ढग उंच वाढतो. म्हणून विजांचा धोका बहुतेक दुपारनंतर असतो. वर्षात तो दोनदा वाढतो: एप्रिल ते जून, आणि पाऊस परतताना सप्टेंबर-ऑक्टोबरात. नेमकी तेव्हाच आपली पेरणीची आणि काढणीची धांदल असते.

अंदाजासोबत रंग येतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. पिवळ्या दिवशीही वीज जीव घेऊ शकते.

ढग जवळ आला हे कसं ओळखायचं? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या आतल्या विजांचा इशारा देतं. टोळीत एकीच्या मोबाईलमध्ये असलं तरी भागतं. रेंज नसेल तर कानावर भरवसा ठेवा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून तीस मोजायच्या आत गडगडलं, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा काम थांबवायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

आसरा म्हणजे पक्कं घर किंवा काचा लावलेली जीप. झाडाखाली मुळीच नको. झाडावर पडलेली वीज बाजूला उडी घेते, जमिनीतूनही पसरते. उघडं पत्र्याचं शेड, तारेचं कुंपण, विहीर यांपासूनही लांब राहा. जवळ काहीच नसेल तर सखल पण कोरड्या जागी, एकमेकींपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं पडू नका. यानं धोका कमी होतो, संपत नाही.

खरी अडचण मजुरीची आहे. उक्तं घेतलेलं काम अर्ध्यावर कसं सोडायचं? म्हणून काम ठरवतानाच मालकाशी बोलून घ्या: इशारा असेल त्या दिवशी भल्या सकाळी लागू, गडगडलं की थांबू, राहिलेलं दुसऱ्या दिवशी करू. मोबाईल कोण बघणार, कोणत्या घरात जायचं, पोचायला किती वेळ लागतो, हेही आधीच ठरवा. आभाळ भरून आल्यावर वाद घालायला वेळ नसतो.

कुणावर वीज पडलीच, तर त्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, हात लावायला भिऊ नका. १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबत राहा. शेणात, चिखलात ठेवण्यात वेळ घालवू नका. मृत्यू झाला तर वारसांना चार लाख रुपयांची सरकारी मदत मिळते. त्यासाठी शवविच्छेदन आणि पंचनामा व्हायलाच हवा. जनावर दगावलं तरी पुरण्याआधी तलाठी आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना कळवा.

येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढं एक काम करू या: प्रत्येक शिवारातलं जवळचं पक्कं घर कोणतं, याची यादी आपल्या गटाच्या वहीत लिहून ठेवू या.