बर्फाखालचा बास मासा

अमेरिकेतल्या मिनेसोटात हिवाळ्यात तळी गोठतात, पण सहसा तळापर्यंत नाही. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. ते खाली बसते आणि हलका बर्फ वर तरंगतो. तळच्या त्या पाण्यात बास मासा तग धरतो. त्याचे शरीर पाण्याइतकेच थंड होते, त्यामुळे पचन मंदावते आणि भूक घटते.

म्हणूनच ऋतूप्रमाणे मासेमारीचे सामान बदलते. उन्हाळ्यात पृष्ठभागावर खळखळ करणाऱ्या आमिषावर बास झडप घालतो. शरदात पाणी गारठले, की वजनदार गळाला मऊ प्लास्टिकचे आमिष लावून ते तळाशी अगदी सावकाश सरकवावे लागते. मासा लागला तरी दोरीला जेमतेम हिसका बसतो. कडाक्याच्या पहाटे काठीच्या कड्यांत पाणी गोठते, दोरी अडते आणि बर्फ बोटांनी फोडावा लागतो.

वसंतात पाणी साधारण १५ अंशांवर गेले, की नर उथळ जागी शेपटीने तळ साफ करून घरटे करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. त्याला बाहेर काढले, तर इतर मासे अंडी फस्त करतात. तिकडे मासेमारीला जाणाऱ्यांनो, घरट्यावर नर दिसला तर तिथे गळ टाकूच नका.