‘सगळं वरूनच ठरतं’ : मुकुटबन पट्ट्यातला महागडा गैरसमज

खाण, कारखाना, रस्ता, जमीन, यांपैकी कोणताही विषय निघाला की झरी जामणी तालुक्यात काय आणि अख्ख्या वणी पट्ट्यात काय, एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘हे सगळं वरूनच ठरतं, गावाच्या हातात काय आहे?’ हा समज अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक आहे. खाणपट्टा किंवा मोठ्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी गाव देत नाही, हे मान्य. पण असा प्रकल्प एका सहीनं उभा राहत नाही. माल कोणत्या वाटेनं जाईल, ट्रक कुठे थांबतील, धूळ कोण आवरेल, खनिजाच्या पैशातून काय होईल, या गोष्टी वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या तारखांना ठरतात. त्यांतली कित्येक कार्यालयं मुंबई-दिल्लीत नाहीत, यवतमाळात आहेत.

मुकुटबनपुरता हिशेब मांडू. इथल्या सिमेंट कारखान्याचं उत्पादन २०२२ मध्ये सुरू झालं. क्षमता वर्षाला ३९ लाख टन. पूर्ण क्षमतेनं चालला तर रोजचे साडेदहा हजार टन होतात. ते सगळं ३० टनी ट्रकांनी न्यायचं म्हटलं तर रोज सुमारे साडेतीनशे भरलेले ट्रक बाहेर पडतील, तेवढेच रिकामे परत येतील. आत येणारा कोळसा आणि चुनखडी त्यात धरलेली नाही. हेच सिमेंट रेल्वेनं नेलं तर तीन-चार मालगाड्या पुरतात. मुकुटबन तर माजरी-आदिलाबाद मार्गावरचं स्टेशन आहे. किती माल रुळांवरून जावा आणि किती रस्त्यावरून, हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. तो विचारण्याची कायदेशीर जागाही आहे, तिचं नाव जनसुनावणी.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अशा सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. जिल्हाधिकारी, किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी, अध्यक्ष असतो. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो, कामकाजाचं चित्रीकरण होतं, इतिवृत्त शेवटी वाचून दाखवावं लागतं. नोंदल्या गेलेल्या महत्त्वाच्या आक्षेपांनुसार प्रकल्पकर्त्याला मसुदा अहवालात योग्य ते बदल करावे लागतात. मात्र याच अधिसूचनेत आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे : गणसंख्येची अट नाही. म्हणजे रिकाम्या खुर्च्यांमुळे सुनावणी अडत नाही. ‘वरूनच ठरतं’ म्हणून घरी बसलेल्या माणसाचा विरोध कुठेच नोंदला जात नाही.

यावर उत्तर तयार असतं : सुनावणी नुसती औपचारिकता आहे, ग्रामसभेचा ठराव कोण विचारतो? आक्षेप गंभीर आहे. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे आणि गावाला तिथे नकाराधिकार नाही. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये १२ ग्रामसभांनी खाण नाकारली. पण त्यामागे वनहक्क कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. ते बळ प्रत्येक गावाच्या ठरावाला नसतं. तरीही नोंदलेला आक्षेप आणि चहाच्या टपरीवरची तक्रार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मंजुरीच्या अटी कागदावरून ठरतात. अट पाळली गेली नाही तर हरित न्यायाधिकरणात कागदच चालतो. आणि हा समज कुणाच्या सोयीचा आहे, तेही पाहावं. सगळं वरून ठरत असेल, तर सरपंचापासून आमदारापर्यंत आणि तहसीलदारापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत कुणालाच जाब द्यावा लागत नाही. स्थानिक राजकारणाला याहून सुरक्षित आडोसा नाही.

पैशाचंही तसंच. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकांना स्वामित्वधनाशिवाय जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रक्कम भरावी लागते : लिलावातल्या खाणींसाठी स्वामित्वधनाच्या १० टक्के, जुन्या पट्ट्यांसाठी ३० टक्के. हा निधी खाणबाधित गावांसाठीच आहे आणि त्याचं नियोजन जिल्ह्यात होतं. रस्त्याच्या कडेची पायवाट, शाळेपाशी रस्ता ओलांडायची सुरक्षित सोय, बस थांबा ही कामं मागितली नाहीत, तर यादीत दुसऱ्या कुणाची कामं बसतात.

आता किरकोळ गैरसमज. ‘रस्ता पावसानंच उखडतो’ : अमेरिकेतल्या रस्ता-चाचण्यांतून १९६० च्या सुमारास दिसलं की ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला तर झीज साधारण १६ पट होते; जास्त भाराला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड कायद्यात आहे. ‘८० टक्के संमतीशिवाय कंपनीला जमीन मिळत नाही’ : ती अट सरकार खासगी कंपनीसाठी भूसंपादन करतं तेव्हाची, थेट खरेदीला ती लागू नाही. ‘आदिवासीनं राजीखुशीनं दिली तर जमीन कुणालाही घेता येते’ : जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ‘गायरान काय, मोकळंच’ : गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बजावलं आहे.

म्हणून पुढच्या जनसुनावणीची सूचना लागेल, तेव्हा सारांश मागून घ्या, ग्रामसभेत वाचा आणि एकच प्रश्न लेखी द्या : किती टन रेल्वेनं जाणार, किती ट्रकनं? पोच घ्यायला विसरू नका.