चांदीचा व्यापार : भाव, कस आणि सराफाचा नफा

ग्रामीण भारतात चांदी हे केवळ आभूषण नाही, तर अडीअडचणीच्या काळासाठी राखलेली बचत आहे. पैंजण, तोडे, वाळे अशा रूपांत साठवलेली ही बचत आजारपणात किंवा पेरणीच्या हंगामात सराफाकडे मोडीत निघते. त्या वेळी हाती येणारी रक्कम बाजारभावावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा बरीच कमी असते. प्रत्येक वेळी फसवणूकच झालेली असते असे नव्हे. या व्यापाराची रचना समजून घेतल्यास ही तफावत कोठून येते व ती कशी कमी करता येईल, हे स्पष्ट होते.

भाव कसा ठरतो?

चांदीचा आंतरराष्ट्रीय भाव प्रामुख्याने लंडनच्या बाजारात डॉलरमध्ये, ट्रॉय औंस या एककात सांगितला जातो. एक ट्रॉय औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम. भारतात राजस्थानमधील शिसे-जस्ताच्या खाणींतून उपउत्पादन म्हणून चांदी मिळते. परंतु ती देशाची गरज भागवत नसल्याने मोठ्या प्रमाणावर आयात करावी लागते. म्हणून देशांतर्गत भावात डॉलरचा विनिमय दर, सीमाशुल्क, वाहतूक व विमा यांचा समावेश होतो. जागतिक भाव स्थिर असला तरी रुपया घसरल्यास येथे चांदी महागते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात चांदीवरील एकूण आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले, तेव्हा देशांतर्गत भाव लगेच उतरले होते. शिवाय जगातील निम्म्याहून अधिक मागणी सौरघट, इलेक्ट्रॉनिक्स आदी उद्योगांतून येत असल्याने हा भाव सोन्यापेक्षा अधिक चंचल असतो.

नफ्याची उगमस्थाने

भाव सराफाच्या हाती नसतो. त्याचा नफा मुख्यतः चार ठिकाणी निर्माण होतो. पहिले, खरेदीचा व विक्रीचा भाव यांतील अंतर. चांदीच्या विटांच्या घाऊक व्यापारात हे अंतर अल्प असते आणि नफा उलाढालीवर अवलंबून असतो. दुसरे, घडणावळ. तमिळनाडूतील सेलम आणि कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी येथील पैंजण किंवा ओडिशातील कटकची तारकाम केलेली आभूषणे यांत कारागिराचे श्रम मोठे असतात. ग्राहकाकडून घेतलेली घडणावळ आणि कारागिराला दिलेली मजुरी यांतील फरक दुकानदाराकडे राहतो. तिसरे, कस, म्हणजेच टंच. शुद्ध चांदी मऊ असल्याने दागिन्यात तांब्यासारखा धातू मिसळावा लागतो; हीण असलेल्या दागिन्याला शुद्ध चांदीचा भाव लावला, तर तो फरक विक्रेत्याचा नफा होतो. चौथे, मोड. जुनी चांदी घट धरून कमी भावाने घेतली जाते आणि गाळून, शुद्ध करून पुन्हा बाजारात येते.

एक हिशेब

सोयीसाठी शुद्ध चांदीचा भाव १०० रुपये ग्रॅम धरू. ७० टक्के शुद्धतेचे १०० ग्रॅम वजनाचे पैंजण पूर्ण भावाने विकले, तर चांदीचे १०,००० रुपये, घडणावळ १,००० रुपये आणि ३ टक्के दराने वस्तू व सेवा कर ३३० रुपये, असे एकूण ११,३३० रुपये होतात. दुसऱ्याच दिवशी ते मोडीत दिल्यास ७० ग्रॅम शुद्ध चांदीचे ७,००० रुपये धरले जातील. २ टक्के घट वजा जाता हाती ६,८६० रुपये येतील. ४,४७० रुपयांच्या या तोट्यात कर व घडणावळ यांचा वाटा १,३३० रुपये, घटीचा १४० रुपये, तर कसाचा तब्बल ३,००० रुपये आहे. याउलट ९२.५ टक्के शुद्धतेचे पैंजण शुद्धतेनुसारच भाव लावून घेतले असते, तर तितक्याच घडणावळीत हा तोटा सुमारे १,४९३ रुपयांवर थांबला असता.

व्यापाऱ्याची जोखीम

सराफाचा धंदा बिनजोखमीचा नाही. दुकानात पडून असलेल्या मालाचा भाव घसरला तर घडणावळीतील सारा नफा पुसला जातो. म्हणून जाणते व्यापारी दिवसभरात जितकी चांदी विकली जाते तितकीच त्याच भावपातळीला पुन्हा खरेदी करतात, किंवा वायदेबाजारात विक्रीचा सौदा करून साठ्याचे संरक्षण करतात. भावातील तेजीमंदीपेक्षा सौद्यामागील ठराविक अंतरावर जगणे, हे या व्यापाराचे सूत्र होय.

प्रमाणीकरणाचे महत्त्व

कसाची माहिती विक्रेत्याला असते, ग्राहकाला नसते. अर्थशास्त्रात यास माहितीची विषमता म्हणतात. ती कमी करण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने चांदीसाठी हॉलमार्किंग योजना राबवली असून, १ सप्टेंबर २०२५ पासून दागिन्यावर विशिष्ट ओळख क्रमांक कोरण्याची पद्धत ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारण कर्जासंबंधी निर्देश जाहीर केले. त्यांची अंमलबजावणी करण्यासाठी १ एप्रिल २०२६ ही अंतिम मुदत होती. चांदीचे दागिने तारण घेताना कसाची तपासणी कर्जदारासमक्ष करणे त्यांनुसार बंधनकारक आहे. अशा वेळी चांदी विकून टाकण्याऐवजी तारण ठेवण्याचा पर्यायही कुटुंबापुढे राहतो.

घडणावळ व कर हे खर्च दागिना घेतानाच होतात व ते परत मिळत नाहीत. कसापोटी होणारे नुकसान मात्र टाळता येते. त्यासाठी खरेदीच्या पावतीवर वजन, शुद्धता आणि घडणावळ यांची स्वतंत्र नोंद करून घेणे व ती पावती जपून ठेवणे आवश्यक आहे. हॉलमार्क ग्रामीण बाजारपेठांपर्यंत जितका पोहोचेल, तितकी अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांची ही बचत सुरक्षित होईल.